दाबलेला मुरूम

१२ जानेवारी, रविवार

आज एका घोर अन्यायाची नोंद करणे प्राप्त आहे. आमच्या जिल्ह्याचे तालुके चौदा, आणि चौदाही तालुक्यांत मुरूम आहे. घराच्या जोत्यात मुरूम, लग्नाच्या मांडवाखाली मुरूम, ग्रामपंचायतीच्या निम्म्या भांडणांच्या मुळाशी मुरूम. तरीही जगाच्या नकाशात मुरमाला जागा नाही.

नकाशा म्हणजे तो दिशाने दिवाळीत शिकवलेला. कन्या पुण्याला भूगोल शिकते आणि सुट्टीत बापाला शिकवते. हा नकाशा कुणा एकाच्या मालकीचा नाही. ज्याला वाटेल त्याने आपल्या गावचे रस्ते, विहिरी, देवळं त्यात भरायची, आणि दुसऱ्याला चूक दिसली तर त्याने ती सुधारायची. प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याचं नाव आणि वेळ राहते, आणि बदल का केला हे लिहायला एक रिकामी चौकट असते. मी त्या चौकटीत एवढं लिहितो की दिशा म्हणते, बाबा, हे भाष्य नाही, नकाशा आहे.

तर रस्त्याच्या पृष्ठभागासाठी यादीत पर्याय आहेत: डांबर, काँक्रीट, दाबलेला, बारीक खडी, मोकळी खडी, गोटे, माती. मुरूम यांपैकी कुठला? खडी म्हणावं तर ती क्रशरवर फोडलेली, धारेची. मुरूम आपोआप झिजलेला. माती म्हणावं तर मातीला राग येईल. पाठशाळेत सहा वर्षं घोकलं की व्याख्येचे दोष तीन, अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. या यादीत तिन्ही एकाच ओळीत राहतात. मुरमावर रोलर फिरलेला असेल तर 'दाबलेला' आणि नसेल तर 'बारीक खडी', असा निर्णय मी दिला आहे. जगाने अजून दखल घेतलेली नाही.

संध्याकाळी रशीदला हे सांगितलं. रशीद माझा शाळासोबती. आमच्या खर्ड्यात आता बैलांच्या खुरांना पत्र्या मारणारा तो एकटाच उरला आहे. हंगाम नसला की वेल्डिंग करतो. त्याने डब्यातून तीन झिजलेल्या पत्र्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. एक विड्याच्या पानासारखी पातळ झाली होती, तो म्हणाला मुरूम. दुसरी आरशासारखी चकचकीत, ते डांबर. तिसरीच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारख्या खाचा होत्या.

"ही मोकळी खडी. बैल बोलत न्हाई, पन ह्यात सगळं लिवून ठिवतो. तुझी यादी कशाला पायजे, शास्त्री?"

वीस वर्षं एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर आहे, पण गावात मी शास्त्रीच. संस्कृत शिकलेल्या माणसाला कीर्तन आणि बातमी हे दोनच मार्ग. मला आवाज नव्हता.

रशीदची उझ्मा तिथेच होती. ती कंत्राटी नर्स आहे, स्कूटीवरून लसीचा डबा घेऊन वाड्यावस्त्यांवर जाते. तिकडे रेंज नसते, म्हणून सबंध जिल्ह्याचा नकाशा तिच्या फोनमध्ये उतरवून दिला. नेट नसलं तरी चालतो. रस्त्यावर बोट ठेवलं की पृष्ठभाग कसा आणि कुणी भरला ते खाली येतं. नवे बदल हवे असतील तर मात्र पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. तिने वाघदऱ्याहून चिंचमळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर बोट ठेवलं. खाली काहीच आलं नाही.

"काका, हा भरा ना. चिंचमळ्याला डांबरीने गेलं तर नऊ किलोमीटरचा वेढा पडतो."

भरतो म्हटलं.


१९ जानेवारी, रविवार

नकाशावर माझे एकशे अठ्ठावन्न रस्ते झाले. तीन महिन्यांत, आणि बहुतांशी या खुर्चीतून. उपग्रहाचं छायाचित्र मोठं करून पाहिलं की करडं ते डांबर, तांबूस तो मुरूम, पांढुरकी ती खडी. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या अंगाचे घाटरस्ते तर मी एका दुपारी, शेंगा खात संपवले.

केडगावचा एक परवेझ नावाचा टेम्पोवाला याच नकाशावर काम करतो. दोन वर्षांत त्याचे रस्ते एकतीस. प्रत्येकाखाली त्याची टीप तीनच शब्दांची: "टेम्पो नेला. रिकामा." किंवा, "टेम्पो नेला. भरलेला." मुरूम आणि खडी यांच्या लक्षणांवर मी त्याला दीड पानाचा निरोप पाठवला. उत्तर आलं, "बरोबर असेल काका. मी टायर बघतो."

वाङ्मयाची आवड नसलेला मनुष्य.


२३ जानेवारी, गुरुवार

वाघदरा–चिंचमळा रस्त्याच्या मजबुतीकरणाचं लोकार्पण. मांडव वाघदऱ्याच्या टोकाला. साडेदहाचा कार्यक्रम साडेबाराला सुरू झाला, म्हणजे वेळेवरच. पत्रकारांना पहिल्या रांगेत खुर्च्या, शाल, नारळ आणि आधीच छापलेली प्रेसनोट. तिच्यात लिहिलं होतं, लांबी साडेतीन किलोमीटर, 'मुरूम टाकून दाबून घेतलेला भक्कम रस्ता'. मांडवातून लिंबाच्या वळणापर्यंत रस्ता दिसत होता. पाणी मारलेला, सपाट, तांबडा. कडेला झेंडूची माळ घातलेला रोलर उभा होता. वळणापुढे जाऊन पाहावं असं क्षणभर मनात आलं, पण जेवणाची पंगत बसत होती आणि मठ्ठ्याचा वास सुटला होता.

धूर दिसला की अग्नी असतोच, तसा रोलर दिसला की रस्ता दाबलेला असतोच. घरी येऊन बातमी पाठवली, सोबत रोलरचा फोटो. मग नकाशात सबंध साडेतीन किलोमीटर निवडून 'दाबलेला' केला. खाली टीप सविस्तर लिहिली.

उझ्माला निरोप दिला, तुझा रस्ता भरला. तिने लगेच नकाशा पुन्हा उतरवून घेतला आणि हात जोडल्याचं चित्र पाठवलं.


२४ जानेवारी

परवेझचा निरोप: "काका, शेवटपर्यंत गेल्ता का?"

मी कळवलं की सोहळ्याला मी जातीने उपस्थित होतो.

हे मी मोठ्याने वाचून दाखवलं, तर रुपाली भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे नाही." तीस वर्षांच्या संसारात माझ्या वाक्यांचं इतकं नेमकं भाषांतर दुसऱ्या कुणी केलेलं नाही.


४ फेब्रुवारी, मंगळवार

उझ्मा पडली.

वाघदऱ्याच्या रस्त्यावर, लिंबाच्या वळणापुढे, उतारावर. उजव्या पायाची नळी मोडली. लसीचा डबा फुटला. सकाळी बर्फाच्या पिशव्या उशिरा मिळाल्या म्हणून ती जवळच्या रस्त्याने निघाली होती. तिथल्या वस्तीवरच्या भिमाजीने तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणलं. त्याने सांगितलं की वळणापुढे रोलर गेलाच नाही. महिनाभर नुसती मोठी खडी पसरून ठेवली आहे, त्याच्या म्हशीसुद्धा कडेच्या रानातून जातात.

भिमाजीने हे चारचौघांत सांगितलं. मी तिथे वही घेऊन उभा होतो. वार्ताहर आहे, वही असतेच.

घरी आलो आणि आधी नकाशा उघडला. वळणापुढचा सव्वातीन किलोमीटर 'मोकळी खडी' केला. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. सत्य लवकरात लवकर नोंदवलं पाहिजे. निदान आणखी कुणी घसरायला नको. कारणाची चौकट रिकामी ठेवली. लिहिण्यासारखं काही विशेष नव्हतं.


५ फेब्रुवारी

जामखेडला दवाखान्यात गेलो. पायात स्टीलची पट्टी बसवावी लागली. मला पाहून उझ्मा उठायला गेली, तिला झोपवून ठेवलं. चिंचमळ्यावर तिची लसीची अठरा मुलं होती त्या दिवशी. त्यांच्या आया दुपारपर्यंत शाळेच्या ओट्यावर बसून राहिल्या आणि शिव्या देत घरी गेल्या, हेच ती दोनदा सांगत होती. पायाचं काही बोलली नाही.

मग म्हणाली, "काका, तो रस्ता नकाशात बदलला का?"

"बदलला असेल कुणीतरी," मी म्हणालो.

तिने हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फोन पालथा करून उशीखाली सरकवला. दमली असावी. रशीदने बाहेर नेऊन चहा पाजला. पैसे मला देऊ दिले नाहीत, नेहमीसारखं भांडलाही नाही.


८ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिल्या पानावर माझी बातमी. 'लोकार्पण झालेला रस्ता की सापळा?' गेल्या कित्येक वर्षांत लेखणी अशी चालली नव्हती. कंत्राटदार, अधिकारी, देखरेख करणारे, कुणालाही सोडलं नाही. 'डोळ्यांवर कातडं ओढून बसलेल्यांना जाग कधी येणार' हे शेवटचं वाक्य. सकाळपासून अभिनंदनाचे सात फोन आले.

रुपालीने चष्मा लावून अखेरपर्यंत वाचली. घडी घालत म्हणाली, "चांगली आहे. तो झेंडूच्या माळेचा रोलर तुम्हीच छापला होता ना?"

जेवणात मीठ कमी होतं. मी वरून घेतलं.


११ फेब्रुवारी, मंगळवार

हे सगळं लिहायला हवं, नाहीतर उद्या मी ते निराळ्या प्रकारे आठवीन.

दुपारी रशीद कागद घेऊन आला. उझ्माच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी नोटीस दिली आहे. मंजूर डांबरी रस्ता सोडून कच्च्या रस्त्याने का गेलात, लस वाया जाण्यास आपला निष्काळजीपणा कारणीभूत का धरू नये, सात दिवसांत खुलासा करा. कंत्राट मार्चअखेर संपतं. नूतनीकरणाची यादी या महिन्याच्या शेवटी वर जाते, आणि नोटीस लागलेलं नाव यादीत राहत नाही. पाच वर्षांची नोकरी आहे पोरीची.

डॉक्टर दवाखान्यात आले होते, तेव्हा तिने तोंडी सांगितलं की नकाशात रस्ता दाबलेला दाखवत होता. त्यांनी तिथल्या तिथे स्वतःच्या मोबाईलवर तोच नकाशा उघडला, रस्त्यावर बोट ठेवलं आणि तिच्यापुढे धरला. मोकळी खडी. म्हणाले, आता नकाशावर ढकलता का, बाई? वॉर्डातली माणसं हसली.

"पोरगी खोटं बोलत न्हाई," रशीद म्हणाला. "पन दाखवायला कायतरी लागंल."

मी म्हणालो, नकाशे काय, बदलत असतात.

"व्हय," तो म्हणाला, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "आता तूच लिव खुलासा. तुझ्यासारखं कुनाला येतंय?"

खर्ड्यातले निम्मे अर्ज माझ्याच हातचे असतात. वारसनोंदी, वीजजोडण्या, सासरी नांदत नसलेल्या मुलींचे तक्रारअर्ज. मी टेबलाशी बसलो. रशीद समोर बाकावर. पाऊण तास तो तसाच बसून होता. एकदाच त्याने विचारलं, नकाशाचं घातलंस का? मी म्हणालो, नकाशाचा उल्लेख केला तर सबब सांगितल्यासारखं दिसतं, वरिष्ठांना नम्रता आवडते. मग मी लिहिलं: 'सदर दिवशी वेळेअभावी नजरचुकीने अपरिचित मार्गाची निवड माझ्याकडून झाली. याबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर असून भविष्यात अशी चूक होणार नाही.' चांगलं लिहिलं होतं. व्याकरणात बोट घालायला जागा नव्हती.

त्याने कागद वाचला नाही. घडी घातली, खिशात ठेवला आणि उंबऱ्याशी थांबून चपला बराच वेळ घालत राहिला. वयोमानाने वाकायला त्रास होत असेल.


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उझ्माने सही केली. खुलासा काल पोचला. डॉक्टरसाहेब म्हणाले म्हणे, चूक कबूल केली हे बरं झालं, आता मलाही वर वेगळं काही लिहायचं कारण उरलं नाही.

वर काय जाणार, ते मला कळतं. माझ्या अक्षरातली तिची कबुली जाणार.

परवेझचा निरोप: "काका, ४ तारखेला ७.१२ ला तुम्ही रस्ता बदलला. कारण रिकामं. त्याच दिवशी नर्स पडल्याची बातमी वाचली, तुमचीच. आता तरी गेल्ता का?"

वाघदऱ्याच्या एसटीची वेळ पाहून ठेवली.


१५ फेब्रुवारी, शनिवार

गेलो. एसटीने वाघदऱ्यापर्यंत, पुढे पायी.

मांडवाच्या खुणा अजून आहेत, खांबांचे खड्डे आणि द्रोणांचा ढीग. तिथून लिंबाच्या वळणापर्यंत पावलं मोजली. तीनशे बारा. उत्तम रस्ता आहे, मुरूम असा बसला आहे की चालताना आवाजही येत नाही. वळण घेतलं आणि लिंबाच्या पलीकडच्या पावलाला खडी सुरू झाली. अंड्याएवढी, धारेची, ना कच टाकलेली ना पाणी मारलेलं. पाय ठेवला की खालचा दगड फिरतो आणि वरचा घोट्यावर येतो. उतारावर मी दोनदा बसलो, एकदा मर्जीने. चपलेत खडे गेले. काढले नाहीत.

माझ्या बातमीत मी लिहिलं होतं की अधिकारी वळणापुढे गेलेच नाहीत.

भिमाजी बांधावर होता. त्याने ओळखलं आणि जागा दाखवली. उताराच्या मध्यावर थर्मोकोलचे पांढरे तुकडे अजून दगडांत अडकलेले आहेत.

"लई येळ बसली हुती हितं," तो म्हणाला. "मी म्हनलं, ताई, ह्या रस्त्यानं का आलीस गं, आमी सुदिक येत न्हाई. तर म्हनली, मामा, काकांनी भरलाय हा रस्ता. मला काय कळंना. म्हनलं, भरला कसला, नुस्ता वतलाय."

मी त्याला विचारलं, हे आणखी कुणाला सांगितलंस का? तो म्हणाला, कुनी इचारलं न्हाई.

मी विचारलं नव्हतं. चार तारखेला वही घेऊन मी त्याच्यासमोर उभा होतो.


१६ फेब्रुवारी, रविवार

रशीदकडे सकाळीच गेलो. तो गेटाची चौकट जोडत होता. मी म्हणालो, मला बोलायचं आहे. त्याने यंत्र बंद केलं नाही, ठिणग्या संपेपर्यंत मी उभा राहिलो. मग सगळं सांगितलं. मांडव, मठ्ठा, रोलर, साडेतीन किलोमीटर, सात वाजून बारा मिनिटं. संस्कृत एकही शब्द सुचला नाही.

त्याने डोळ्यांपुढची काच वर केली.

"म्हाईत हाय."

कधीपासून, विचारलं.

"पयल्या दिसापासून. तिच्या फोनात जुनाच हाय नकाशा अजून. तू रस्ता भरलास तवा उतरवलेला. डाक्टरनं त्याच्या फोनात दावलं तवा तिचा फोन उशीखालीच हुता. काढला न्हाई तिनं."

"का?"

"म्हनली, अब्बा, खाली काकांचं नाव येतं."

मी खाली बसलो. बसायला तिथे एक ऐरण होती, तिच्यावर.

मग मी विचारलं ते मला अजून ऐकू येतं आहे. म्हणालो, तुला माहीत होतं, तर खुलासा लिहायला माझ्याकडे का आणलास?

रशीदने खिशातून बिडी काढली, पेटवली नाही.

"म्हनलं, तुला लिवायला दिलं तर तू लिवशील."

पाऊण तास तो त्या बाकावर बसला होता.


१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात 'प्रस्तुत प्रकरणी अनवधानाने' आलं, तो फाडला. दुसऱ्यात कंत्राटदार आला, तोही फाडला. तिसरा असा:

'वाघदरा–चिंचमळा रस्ता नकाशात दाबलेला असा मी भरला. मी त्या रस्त्याने गेलो नव्हतो. मांडवातून जेवढा दिसला तेवढ्यावरून भरला. नर्स उझ्मा यांना तो मीच दाखवला. त्या पडल्यानंतर त्याच संध्याकाळी मी तो बदलला आणि कुणाला सांगितलं नाही. त्यांचा खुलासा मी लिहिला आहे आणि त्यात त्यांची चूक म्हणून जे आहे ते खोटं आहे. त्यांनी सही केली कारण मी त्यांचा काका लागतो.'

सोबत नकाशाचा इतिहास छापून जोडला: २३ जानेवारी, दाबलेला, माझं नाव, ४ फेब्रुवारी, ७.१२, मोकळी खडी, माझं नाव.

डॉक्टरसाहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, तुम्ही आमचे कर्मचारी नाही, हा कागद कुठल्या फाईलला लावू? मी म्हणालो, तिचा खुलासा ज्या फाईलला लावलात तिथे, त्याच्या वर. ते म्हणाले, शास्त्री, तुम्ही पत्रकार माणूस, हे पेपरात आलं तर? मी म्हणालो, येणार आहे, मीच देतो आहे. त्यांनी पोचीचा शिक्का मारला.

दवाखान्यात उझ्माकडे गेलो आणि सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, सही करताना मी वाचलं होतं. 'मनःपूर्वक' मी कधी म्हणत नाही. डॉक्टरांना कळायला हवं होतं."

तिला मला हसवायचं होतं. मला जमलं नाही.


२० फेब्रुवारी

पेपरात आली दुरुस्ती. मी तीस ओळी दिल्या होत्या, संपादकांनी तीन ठेवल्या, सातव्या पानावर, हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीखाली. आज एकही फोन नाही. परवेझचा मात्र निरोप आला: "वाचलं." त्याच्याकडून हे दीर्घ काव्य समजावं.

रशीद दुपारी येऊन बसला. जाताना खाचा पडलेली ती पत्री माझ्या टेबलावर ठेवून गेला. कागद उडू नयेत म्हणून, म्हणाला.


२ मार्च, रविवार

यादी लागली. उझ्माचं नाव आहे, तीन महिन्यांपुरतं, 'निरीक्षणाधीन' असा शेरा मारून. बाकीच्यांना अकरा महिने. तिला पायावर भार द्यायला अजून महिना आहे, आणि एप्रिलात ती रुजू होणार म्हणते. नोटीस मागे घेतलेली नाही, नुसती थांबली आहे. रशीदने पेढे वाटले नाहीत. मीही विचारलं नाही.

चालायला लागल्यावर पहिल्यांदा चिंचमळ्यालाच जाणार, डांबरीने, असं ती म्हणाली. मग फोन पुढे केला. "काका, नवा उतरवून द्या."

मी म्हणालो, अजूनही?

"मग काय विचारून विचारून जाऊ? बघूनच जाणार ना."

दिला उतरवून. दोनदा माझं बोट चुकीच्या जागी पडलं, तिने पाहिलं आणि खिडकीकडे बघू लागली.

गेला आठवडा मी, वाघदऱ्याचा सोडून, माझे एकशे अठ्ठावन्न रस्ते तपासले. त्यांपैकी तेविसांवरून मी कधी ना कधी स्वतः गेलो आहे. उरलेल्या एकशे पस्तिसांचा पृष्ठभाग पुसून टाकला, प्रत्येकाखाली कारण लिहिलं: 'गेलो नव्हतो.' दोन दिवस लागले. आता रशीदच्या जुन्या मोटरसायकलवर मागे बसून आम्ही एकेक रस्ता पाहतो आहोत. सात झाले. तो मध्येच उतरून दगड हातात घेतो, फिरवतो, म्हणतो लिव, आणि मी लिहितो. रुपाली डबा बांधून देते.

कुणी म्हणेल, झालं, सुधारलं. मीही चार दिवस तसंच म्हणत होतो. पण पुसलं ते नकाशावर. ज्यांनी आधीच उतरवून घेतला आहे त्यांच्या फोनात माझं लिहिलेलं तसंच आहे, उझ्माच्या फोनात होतं तसं. ते किती आहेत, कुठले आहेत, हे कळायला काही मार्ग नाही. दिशाला विचारलं, परवेझला विचारलं. भंडारदऱ्याच्या अंगाचा एक उतार आहे, दोन वळणांचा, खाली पाणी. छायाचित्रात तांबूस दिसला म्हणून शेंगा खाता खाता मी तो 'दाबलेला' केला होता. तो खरोखर कसा आहे ते मला माहीत नाही. तिथे आम्ही अजून पोचलेलो नाही, रशीदची गाडी एवढी लांब जात नाही.

उझ्माच्या नोकरीची काळजी आहे, रशीद पूर्वीसारखा भांडत नाही त्याचीही आहे. पण खरी भीती त्या उताराची वाटते. मला न ओळखणारं कुणीतरी माझ्या शब्दावर तिथे गाडी घालेल, आणि मला ते कळणारसुद्धा नाही.